बिस्किटांना कान लावणाऱ्या शकूताई

नवरात्र बसलं की आमच्या समोरच्या शकूताई होटगीकरांच्या उजव्या कानाची पाळी लाल व्हायला लागते. दसऱ्यापर्यंत तिचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा होतो आणि दिवाळीत तिच्यावर पिवळं मलम चढतं. फराळाला आलेल्या पाहुण्यांना वाटतं, बाईंना कानाचा काही विकार असावा. विकार वगैरे काही नाही. त्या दिवसांत शकूताई खारी बिस्किटं भाजतात आणि बिस्किट भाजलं गेलं की नाही, हे त्या कानाने बघतात.

मी लिहिण्यात चुकले नाही. कानानेच बघतात. तुम्हीआम्ही काचेतून डोकावतो, वास घेतो, फार तर सुई टोचून पाहतो. शकूताईंकडे अ‍ॅल्युमिनियमचा जुना गोल ओव्हन आहे, वर झाकण आणि झाकणात पेढ्याएवढी काच. त्या स्टूल ओढून त्याच्याशेजारी बसतात, चारपदरी फडकं झाकणावर ठेवतात, डोळे मिटतात आणि फडक्यावर कान टेकतात. फडकं अधूनमधून सरकतं. म्हणून ती पाळी.

"काय ऐकता हो एवढं?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "श्श. लाईन लागलीय. मध्ये नाही बोलायचं."

शकूताई टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होत्या. माझ्या वर्गातल्या मुलांना हे नीट समजावून सांगावं लागतं. एका गावाहून दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी तो नोंदवायचा, मग घरी वाट बघत बसायचं, आणि दोन गावांच्या मध्ये बसलेली एक बाई तारा जोडून देईल तेव्हा बोलायचं. तीन मिनिटं झाली की तीच बाई विचारणार, वाढवायची का. ती मधली बाई म्हणजे शकूताई. लग्न केलं नाही. आई होती तोवर आईबरोबर राहिल्या, नंतर एकट्या. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, सुपारीएवढा अंबाडा, आणि कायम इस्त्रीची सुती साडी. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बोलणं अजून एक्स्चेंजमधलंच आहे. दुपारी झोपल्या असतील तर "एंगेज होते." घरातली साखर संपली तर "पार्टी उपलब्ध नाही." मागे एकदा सोसायटीच्या झेंडावंदनाला अध्यक्षांचं भाषण लांबत चाललं, तेव्हा पहिल्या रांगेतून यांचा स्वच्छ, शांत, सरकारी आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" अध्यक्षांनी घाईघाईने जय हिंद केलं.

त्यांची आणखी एक खोड म्हणजे त्या कुणाला नावाने हाक मारत नाहीत. माझं नाव अनघा. मी सात रस्त्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मी 'सात रस्ता'. माझा नवरा चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे, म्हणून तो 'चिंचोळी'. दोन्ही घरी कामाला येणारी सुरेखा कुंभारीहून येते, म्हणून ती 'कुंभारी'. नवीन माणसाला जिन्यात ऐकू येतं, "सात रस्ता, चिंचोळी आले का गं? कुंभारी आज येणार नाही म्हणे!" आणि तो बिचारा बस बंद पडली की काय, असा चेहरा करून उभा राहतो.

"नावं राहत नाहीत गं डोक्यात," त्या म्हणतात. "गावं राहतात. आम्ही ऑपरेटर एकमेकींना गावानेच हाक मारायचो. पुणे लई तोऱ्यात बोलायची. मिरजेला कायम सर्दी. बार्शीचं सासूशी पटायचं नाही, ती मला सगळं सांगायची."

"आणि भेटलात कधी ह्या सगळ्यांना?"

"कशाला भेटायचं? रोज बोलत होतो की."

माझं आणि त्यांचं सूत जमलं ते सोलापूरच्या ऑक्टोबरमुळे. आमच्याकडे ऑक्टोबरात दुपारी ऊन भांड्यातल्या पाण्यासारखं हलतं आणि माणूस उभ्या उभ्या पेंगतो. शाळेत सहामाही परीक्षा, घरी नवरात्राची झाडलोट, पेपरांचे गठ्ठे, दिवाळीची यादी, असं सगळं एकदम अंगावर येतं. मी घामाघूम होऊन जिना चढून यायची आणि समोरच्या उघड्या दारातून ओव्याचा, तुपाचा आणि गरम ज्वारीचा असा वास यायचा, की पाय आपोआप तिकडे वळायचे. आत पडदे ओढलेले असायचे. पडद्याचा रंग निळा, त्यामुळे ओटा, पिठाची परात, शकूताईंचे पिठाळ हात, सगळंच निळसर दिसायचं. पंखा सावकाश फिरायचा. त्या डोळे मिटून ओव्हनवर डोकं टेकून बसलेल्या. मी पलीकडच्या खुर्चीत बसून लाल पेन काढायची आणि दोन पेपर तपासून होईपर्यंत माझीही मान कलायची. जाग यायची तेव्हा पुढ्यात ताटलीत चार बिस्किटं असायची. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे.

बिस्किटं सोपी होती. दोन वाट्या मैदा, एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी तूप, ओवा, मीठ, चिमूटभर सोडा आणि लागेल तसं दही. "मळायचं नाही," त्या बजावायच्या. "नुसतं गोळा करायचं. मळलंस की रुसतं." मग जाडसर लाटून औषधाच्या बाटलीच्या झाकणाने गोल पाडायचे आणि काट्याने टोचायचे. वरून शेंगाची चटणी भुरभुरायची. खाताना आधी खुसखुशीत, मग खारट आणि अगदी शेवटी तिखट लागायचं.

"चटणी सोलापूरची," त्या म्हणाल्या, "बाकी सगळं नांदेडचं."

अशी मला नांदेड पहिल्यांदा कळली. नांदेड म्हणजे प्रमिला. ती तिकडच्या एक्स्चेंजमध्ये, ही इकडे. त्या काळी फोन एखाद्याच घरी असायचा, म्हणून कुणाचा कॉल आला की त्याला शेजारून बोलावून आणावं लागे. तो चपला शोधून, धापा टाकत येईपर्यंत चार-पाच मिनिटं जायची. तेवढी चार-पाच मिनिटं या दोघी तारेच्या दोन टोकांना मोकळ्या.

"त्यातच सांगितली तिने मला बिस्किटं. मी विचारलं, ओवा किती? ती म्हणाली, थांब, तुझी पार्टी आली. मग दुसऱ्या दिवशी ओवा. तिसऱ्या दिवशी तूप. भाजायचं कसं ते ऐकायला मला पुढचा आठवडा लागला." त्या हसल्या. "तिच्याकडे चुलीवरचं पातेलं. झाकण उघडलं की वाफ जाते, म्हणून ती ऐकायची. म्हणाली, आधी पाणी बोलतं, मग तूप बोलतं, मग कुणीच बोलत नाही. कुणीच बोललं नाही की काढायचं."

"आवाज कसा होता त्यांचा?"

शकूताईंनी बोटांना लागलेलं पीठ अंगठ्याने चोळलं. पंख्याचा वारा परातीतल्या पिठावर फिरत होता.

"पाक एकतारी होतो ना, बोटांत धरून ओढला की लांबतो आणि तुटत नाही. तसा," त्या म्हणाल्या. "वीस-बावीस वर्षं ऐकला. आईचाही एवढा नसेल ऐकला."

आता गेल्या वर्षीचं सांगते. आमच्या भागातले लोक दिवाळीआधी पीठ-तूप घेऊन एका भट्टीवर जायचे आणि बिस्किटं भाजून आणायचे. गेल्या वर्षी ती भट्टी नेमकी दुरुस्तीसाठी बंद. सगळ्या सोसायटीचे डबे शकूताईंच्या दारात आले. त्यांनी ते आनंदाने घेतले आणि वहीत नोंदवले. पहिला मजला सोमवारी, दुसरा मंगळवारी, तातडीचे कॉल बुधवारी. पाहुणे येणार असतील तर तातडीचा. मला शाळा सुटल्यावर मदतनीस म्हणून जुंपलं. सुरेखा ताटं पुसायची आणि कौशल्याने अर्धी तुटलेली बिस्किटं वेगळी काढून खायची.

मंगळवारी मी घरात शिरले तर खोलीभर धूर. ओव्हनमधून काळा वास येत होता. शकूताई त्याच्यावर कान टेकून, डोळे मिटून, चेहऱ्यावर तेच जुनं समाधान घेऊन बसलेल्या. मी ओरडले. त्या हलल्या नाहीत. मी बटण बंद करून खांद्याला हात लावला तेव्हा दचकून उठल्या.

झाकण उघडलं. चौदा बिस्किटं, कोळशासारखी.

"लाईन तुटली," त्या म्हणाल्या, पण आवाजात नेहमीची मजा नव्हती. त्यांनी कानावर हात ठेवला आणि गॅलरीत निघून गेल्या.

सुरेखाने मला मोरीपाशी ओढलं. "म्याडम, म्हातारीला ऐकू येत न्हाय. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

"काय सांगतेस? कधीपासून?"

"लई दिवस झालं की. बिस्किटं बी नुसती सवयीनं काढत्यात. दार उगडं का ठिवत्यात? घंटी ऐकू येत न्हाय म्हनून. मी समूर हुबी राहून बोलते, मंग बरूबर कळतंय त्यांना. तुमी आपलं पेपरात डोकं घालून बोलता."

मी विज्ञानाची शिक्षिका. ध्वनी हा धडा दर वर्षी शिकवते. हवेतून लहरी कशा जातात हे फळ्यावर काढून दाखवते. समोरच्या दारात राहणाऱ्या बाईपर्यंत त्या पोचत नाहीत, हे मला कामवालीकडून कळलं.

मी गॅलरीत गेले. त्यांच्या समोर उभी राहून, सावकाश म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ. कानाचं यंत्र मिळतं आता, छोटं."

"सगळं आयुष्य डोक्याला यंत्र लावून बसले," त्या म्हणाल्या. "आता नको. साकु." त्या अक्कलकोटकडच्या, फार चिडल्या किंवा फार थकल्या की त्यांना कानडी फुटतं. साकु म्हणजे पुरे.

मी मुकाट्याने आत आले. आणि तेवढ्यात पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवलेला त्यांचा मोबाईल थरथरायला लागला. थरथरून थरथरून झाकणावरून सरकत कडेपर्यंत आला. मी तो पडताना धरला. पडद्यावर नाव होतं, 'नांदेड'.

मी तो गॅलरीत नेऊन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिलं आणि रेलिंगकडे तोंड फिरवलं. "एंगेज आहे म्हणून सांग."

मी उचलला. पलीकडून बाईंचा आवाज आला. म्हातारा होता, थोडा कापरा, पण इतका गोड की मी फोन कानाला आणखी घट्ट लावला. "सोलापूर?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, मी शेजारीण. शकूताई जरा कामात आहेत.

"बरं झालं, कुणीतरी उचलला तरी," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाली बघा. मी करते, ती उचलत नाही. उचलला तर हो हो म्हणते आणि ठेवून देते. मी विचारते एक, ती सांगते भलतंच. माझ्यावर रागावली का हो ती? माझ्याकडून काही गेलं का तोंडातून? आम्ही शनिवारी अक्कलकोटला दर्शनाला येतोय. मुलगा गाडी घेऊन येतोय. जाता जाता दहा मिनिटं दारात येऊ म्हणत होते. नसेल तिला चालत तर तसं सांगा. मी वाईट वाटून नाही घेणार."

शेवटचं वाक्य त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यावर नाही म्हणणं मला जमलं नाही. "या," मी म्हणाले. "जरूर या." आणि पत्ता सांगून टाकला.

शकूताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलं होतं. "तुला कुणी सांगितलं होतं जोडून द्यायला?" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते दार दिवसा बंद झालं. ओट्यावर दुसऱ्या मजल्याचं पीठ तसंच फडक्याखाली राहिलं.

बुधवारी तातडीचे सगळे कॉल रद्द झाले. बायका डबे घेऊन येत होत्या आणि बंद दाराकडे बघून परत जात होत्या. गुरुवारी सुरेखा हसू दाबत माझ्याकडे आली.

"म्याडम, होटगीकर बाईंनी पिशवी भरलीया. शनवारी मला कुंभारीला ने म्हनत्यात, तुज्या घरी. मी म्हनलं, माजं पतऱ्याचं घर, तितं तुमी काय करनार? तर म्हनल्या, बसते की. तुमीच सांगा आता काय ते."

मी गेले. पिशवी खरंच दारापाशी होती. साडी, चष्म्याचं घर, औषधं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लाटणं. लाटणं कशाला, ते मी विचारलं नाही. शकूताई पलंगावर बसल्या होत्या. मी समोर जमिनीवर बसले, म्हणजे त्यांना माझं तोंड नीट दिसेल.

"तुम्ही चिडलात ते बरोबर आहे," मी म्हणाले. "मी विचारायला हवं होतं. पण त्यांना वाटतंय की तुम्ही रागावलात. तेवढं तरी कळवायला नको का?"

"काय कळवू? बहिरी झाले म्हणून?"

"हो."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. निळ्या पडद्यातून आलेला उजेड त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर होता.

"तुला नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "तुम्ही माणूस ओळखता ते चेहऱ्यावरून. मला तिचा चेहराच माहीत नाही. फोटोसुद्धा नाही बघितला कधी. तिच्या मुलाने पाठवला होता मोबाईलवर, मी उघडला नाही. माझ्याकडे तिचं सगळं जे आहे ते आवाजात आहे. ती आजारी होती, ते मला आवाजातून कळलं. तिचा नवरा गेला, तेव्हा तिने नुसतं हॅलो म्हटलं आणि मी लाईन धरून बसले. आता ती इथे येणार, बोलणार. ती माझा आवाज ओळखेल. आणि मी तिचा ओळखणार नाही. कुणीतरी म्हातारी दारात उभी आहे, एवढंच मला दिसेल. ती प्रमिला आहे की कोण, हे मला दुसऱ्याने सांगावं लागेल." त्या थांबल्या. "त्यापेक्षा कुंभारी बरी."

वर्गात असते तर काहीतरी बोलले असते. बाहेर कुणीतरी गाद्या झटकत होतं. तो धप्प धप्प आवाज मला येत होता आणि त्यांना येत नव्हता, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा जाणवलं.

मग त्या म्हणाल्या, "नांदेडहून येणार म्हणजे सकाळी लवकर निघतील. वाटेत काय खातील?"

मी मान वर केली.

"रिकाम्या हाताने पाठवायचं का तिला?" त्या रागानेच म्हणाल्या. "बिस्किटं तिची आहेत. चल, ऊठ. पण मला ऐकू येत नाही. तू ऐकायचंस."

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली. पीठ त्यांनी गोळा केलं, लाटलं, पाडलं. पहिलं ताट ओव्हनमध्ये गेलं. मी स्टुलावर बसले, फडकं घडी करून ठेवलं आणि कान टेकला. मला फार वेड्यासारखं वाटत होतं. शकूताई समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या.

"काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. गरम लागतंय."

"डोळे मीट. मग येईल."

मी डोळे मिटले. आधी खरंच काही नव्हतं. पंखा, रस्त्यावरची रिक्षा, माझाच श्वास. मग हळूहळू ते सगळं लांब गेलं, आणि फार आतून, खूप खालून, एक बारीक कुजबूज वर आली. शेजारच्या खोलीत बायका हलक्या आवाजात बोलत असाव्यात तशी. शब्द कळत नाहीत, पण बोलणं चाललंय एवढं कळतं. "बोलतंय," मी म्हणाले. "पाणी," त्या म्हणाल्या. मग ती कुजबूज विरली आणि तिच्या जागी टिचक टिचक असं काहीतरी सुरू झालं. वाळलेल्या पानांवरून मुंग्या चालल्यासारखं. "तूप," त्या म्हणाल्या. मी कुठे आहे हे मला कळेनासं झालं. पेपरांचे गठ्ठे, दिवाळीची यादी, भिंतीला लावायचा रंग, सगळं वितळून कुठेतरी खाली बसलं. मला वाटलं, ही बाई तीस-बत्तीस वर्षं अशीच बसली असेल. डोळे मिटून, दुसऱ्यांची बोलणी कानावरून जाऊ देत. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मयत, कुणाचं जमलेलं लग्न. आणि मधल्या चार मिनिटांत, ओवा किती, तूप किती.

मग ते थांबलं.

"कुणीच नाही बोलत," मी म्हणाले.

"काढ!"

बिस्किटं अशी सोनेरी निघाली होती, की सुरेखाने एकही तुटलेलं मिळेना म्हणून एक मुद्दाम तोडलं. माझी पाळी मात्र भाजली. शकूताईंनी तिच्यावर स्वतःच्या हाताने पिवळं मलम लावलं. संध्याकाळपर्यंत आम्ही नांदेडचा डबा भरलाच, शिवाय दुसऱ्या मजल्याची आणि तातडीची सगळी बिस्किटंही भाजून दिली.

शनिवारी साडेअकराला खाली गाडी थांबली. मी गॅलरीतूनच पाहिलं आणि शकूताईंना खूण केली. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. इस्त्रीची पांढरी साडी, त्यावर निळे काठ, एक हात दाराच्या चौकटीवर.

जिन्यावरून आधी मुलगा आला. पन्नाशीचा, हातात पेढ्यांचा पुडा. त्याने दंडाला धरून आईला वर आणलं. प्रमिलाबाई चांगल्या उंच होत्या, सावळ्या, जाड भिंगांचा चष्मा, पुढचे दोन दात जरा पुढे. शेवटच्या पायरीवर त्या दम घ्यायला थांबल्या आणि वर बघून म्हणाल्या, "सोलापूर?"

शकूताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या पुढे झाल्या, प्रमिलाबाईंच्या चेहऱ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही गं. दोन वर्षं झाली. तुझं एक अक्षर येत नाही मला. तुला सांगायची लाज वाटली."

मुलगा गोंधळला. पेढ्यांचा पुडा मी त्याच्या हातातून घेतला. प्रमिलाबाईंचा हात वर आला, शकूताईंच्या गालावर थांबला, मग कानावर. आणि मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि बोलायलाच सुरुवात केली. "अगं वेडाबाई, मला वाटलं मीच काही बोलले! दोन वर्षं मी आठवतेय, काय बोलले, काय बोलले. झोप नाही लागायची मला..."

दहा मिनिटांसाठी आलेल्या प्रमिलाबाई दीड तास बसल्या. मुलाला मी आमच्याकडे चहाला नेलं. तो सारखं घड्याळ बघत होता, दर्शनाची वेळ टळेल म्हणून, पण उठा म्हणायला त्याची जीभ रेटेना. मी मध्ये एकदा पाणी द्यायला गेले. निळ्या उजेडात दोघी पलंगावर समोरासमोर बसल्या होत्या. प्रमिलाबाई हातवारे करत बोलत होत्या. नातवाचं, गुडघ्यांचं, विकलेल्या घराचं, तिकडच्या पावसाचं. आवाज खरोखरच तुटत नव्हता. शकूताईंनी त्यांचा एक हात मांडीवर घेतला होता आणि त्या त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. ओठांकडे, पुढच्या दोन दातांकडे, हसताना गालाला पडणाऱ्या खळीकडे. मधूनच हसत होत्या, मधूनच मान डोलवत होत्या, नेमकं जिथे हसायला नको तिथेही हसत होत्या. प्रमिलाबाईंना ते कळत होतं. तरी त्या थांबल्या नाहीत.

गाडी निघून गेल्यावर आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. गाडी वळून विजापूर रस्त्याच्या गर्दीत शिरली, तरी शकूताई तिकडेच बघत होत्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश विचारलं, "काय काय म्हणाल्या हो प्रमिलाबाई?"

"काय माहीत!" शकूताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. "पण किती छान दिसते गं ती बोलताना."